साडेनऊची कॉफी, शनिवारचा खाऊ आणि एकेरी हाक

स्वीडनमध्ये नव्याने आलेल्या मराठी मंडळींशी गप्पा मारताना एक वाक्य हमखास कानावर पडतं: "हे लोक मुळातच असे आहेत." सकाळी साडेनऊच्या सुमारास अख्खं ऑफिस कॉफीसाठी उठतं. साहेबाला सगळे नावाने, एकेरीत हाक मारतात. पोरं आठवडाभर गोळ्या-चॉकलेटसाठी हट्ट करत नाहीत. शनिवारी दुपारी तीननंतर वाइनची बाटली विकत मिळत नाही. मीही पहिली दोन वर्षं हे सगळं स्वभावाच्या खात्यात टाकत होतो. मग इथला इतिहास वाचू लागलो आणि कळलं की यातलं काहीच 'मुळातलं' नाही. यातल्या बहुतेक सवयी कधी लागल्या ते सांगता येतं. त्यांच्यामागे गरिबी आहे, दारू आहे आणि माणसामाणसांतली कडक उतरंड आहे.

सुरुवात कॉफीपासून करतो, कारण 'फीका' हा शब्द इथे पहिल्याच दिवशी शिकवला जातो. आपल्या 'फिका'शी त्याचा काही संबंध नाही. इथली कॉफी चांगली कडक असते. कॉफीला जुन्या बोलीत 'काफी' म्हणत. त्यातली अक्षरं उलटी केली की होतो 'फीका'. पोरं शब्द उलटे करून चोरभाषा बोलतात, तसलाच हा प्रकार. पेयाची ओळख मात्र जुनी, १७व्या शतकाच्या अखेरची. राजा बारावा कार्ल १७०९ मध्ये पोल्टावाला रशियाकडून हरला आणि पुढची काही वर्षं तुर्कांच्या आश्रयाने राहिला. तिथे त्याच्या माणसांना कॉफीची चटक लागली.

पुढे सरकारने याच कॉफीवर पुन्हा पुन्हा बंदी घातली. पहिली १७५६ मध्ये, मग १८२०च्या दशकापर्यंत अधूनमधून. परदेशी चैनीपायी देशाचा पैसा बाहेर जातो, हे त्याचं एक कारण. पण १७५६च्या बंदीमागची एक गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. त्या काळात शेतकऱ्यांना घरी दारू गाळायला मनाई झाली होती. संसदेत शेतकऱ्यांची वेगळी सभा असे. आमची दारू बंद, तर तुमच्या वाड्यांतली कॉफीही बंद, असा त्यांचा हिशेब होता. कॉफी आणि दारू यांचं नातं इथे अगदी सुरुवातीपासून असं एकमेकांत गुंतलेलं आहे.

दारू म्हणजे 'ब्रेनविन', धान्याची आणि पुढे बटाट्याची. १९व्या शतकाच्या पूर्वार्धात घरोघरी भट्टी होती आणि मजुरीचा काही भागही दारूत दिला जाई. देश कमालीचा गरीब होता. १८६०च्या दशकाच्या अखेरीस दुष्काळ पडला, आणि १८५० ते १९३० या काळात बारा लाखांहून जास्त माणसं, बहुतेक अमेरिकेकडे, कायमची निघून गेली. आजचा नीटनेटका स्वीडन पाहणाऱ्याला हे खरं वाटत नाही, पण हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचं काही उलगडत नाही. दारूमुक्तीची चळवळ उभी राहिली ती याच मातीतून. घरच्या भट्ट्या १८६०पर्यंत कायद्याने बंद झाल्या, गावोगावी सभा सुरू झाल्या आणि त्या सभांमध्ये पाहुण्यापुढे काय ठेवायचं, तर कॉफी. कधीकाळी जप्त होणारी वस्तू आता सभ्यतेची खूण झाली. बायकांनी घरी कॉफीला बोलावण्याची रीत पाडली. बशीत सात प्रकारची बिस्किटं हवीत असा संकेत ठरला. कमी असली तर कंजूषपणा, जास्त असली तर बडेजाव. कारखाने आले आणि कॉफीची वेळ त्यांच्या भोंग्याला जोडली गेली. ऑफिसात आज मी जी पंधरा मिनिटं बसतो, त्यांचा वंशवृक्ष असा आहे.

शनिवारी तीनला बंद होणारं दुकानही याच घराण्यातलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपूर्ण दारूबंदीची मागणी जोरात होती. इवान ब्रात नावाच्या डॉक्टरने मधला मार्ग काढला: बंदी नको, रेशन ठेवा. प्रत्येकाच्या नावावर एक पुस्तक, प्रत्येक खरेदीची त्यात नोंद. पण किती दारू मिळणार हे उत्पन्न, कुटुंब आणि चालचलणूक पाहून ठरे, आणि लग्न झालेल्या बाईला सहसा पुस्तकच मिळत नसे. १९२२ मध्ये संपूर्ण दारूबंदीवर सार्वमत झालं. बंदीविरोधकांच्या एका पोस्टरवर लालभडक क्रेफिश होते, म्हणजे शेवंडीचे गोड्या पाण्यातले धाकटे भाऊ. ऑगस्टमधल्या क्रेफिशच्या जेवणावळी इथे दारूशिवाय होत नसत. सुमारे ५१ विरुद्ध ४९ टक्क्यांनी बंदी हरली. मतं स्त्री-पुरुष अशी वेगळी मोजली होती. पुरुषांचं बहुमत विरोधात, बायकांचं बाजूने. हे वाचताना मला आपल्याकडची 'आडवी बाटली' आठवली. तिथेही गावातल्या बायकाच रांगा लावून मत देतात, कारण दारूची झळ त्यांच्या चुलीला लागते. रेशनचं पुस्तक १९५५ मध्ये गेलं आणि त्याच वर्षी सगळी विक्री 'सिस्टेमबोलागेत' या एकाच सरकारी कंपनीकडे आली. आजही साडेतीन टक्क्यांवरचं मद्य दुकानात घ्यायचं तर फक्त तिथेच मिळतं, रविवारी बंद.

शनिवारच्या खाऊची गोष्ट मात्र सांगताना जीभ जड होते. इथल्या सुपरमार्केटमध्ये सुट्या गोळ्यांच्या पेट्यांची भिंतच असते. शनिवारी मुलं कागदी पिशवी भरून घेतात आणि त्या खाऊला 'लर्दाग्सगूदिस' म्हणतात. माझ्या मुलीलाही हा दिवस प्राणप्रिय आहे. १९३०च्या दशकात इथल्या लोकांचे दात फार वाईट होते. १९३८ मध्ये सरकारी दंतसेवा सुरू झाली, पण किडीचं नेमकं कारण सिद्ध व्हायचं होतं. ते शोधायला लुंड शहरातलं विपेहोल्म हे इस्पितळ निवडलं गेलं. तिथे मतिमंद रुग्ण कायमचे दाखल असत. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांतल्या काहींना दाताला चिकटून बसतील अशा मुद्दाम बनवलेल्या टॉफ्या देण्यात आल्या, एका गटाला दिवसाला २४पर्यंत. कित्येकांचे दात कुजले. त्यांची संमती कोणी घेतली नव्हती आणि त्यांना ती देताही आली नसती. खर्चाचा काही भाग साखर आणि मिठाईच्या उद्योगाने उचलला होता. निष्कर्ष स्पष्ट निघाला: साखर एकूण किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली आणि दाताला किती चिकटली, यावर कीड अवलंबून असते. म्हणून १९५०च्या दशकाच्या अखेरीस पालकांना सल्ला मिळाला की गोड द्या, पण आठवड्यातून एकदाच. मुलांचे दात खरोखर सुधारले. आपला शनिवार कुणाच्या वेदनेतून आला, हे मुलगी जरा मोठी झाली की मी तिला सांगणार आहे.

आता एकेरी हाक. मराठी माणूस सगळ्यात जास्त अडखळतो तो इथेच. 'तू', 'तुम्ही', 'आपण' या पायऱ्यांवर वाढलेल्या जिभेला विभागप्रमुखाला 'डू' म्हणजे 'तू' म्हणणं जड जातं. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा स्वीडन आपल्यापेक्षाही अवघडलेला होता. 'नी' हा 'तुम्ही'च्या जागचा शब्द भाषेत होता, पण तो वरच्याने खालच्याला वापरायचा, म्हणून अनोळखी माणसाला अपमानकारक वाटे. मग समोरच्याच्या हुद्द्यानेच बोलायचं: "डॉक्टर कॉफी घेणार का?", तेही थेट डॉक्टरांच्या तोंडावर. हुद्दा माहीत नसेल तर कर्त्यालाच वाक्यातून गायब करायचं: "कुठे जाणं होतंय?" आपणही तुम्ही की तू हे ठरेना की "जेवण झालं का?" म्हणून वेळ मारून नेतो, त्यामुळे ही कसरत मराठी माणसाला लगेच कळते. जवळीक वाढली तरी 'डू' आपोआप येत नसे. वयाने किंवा मानाने मोठा असलेला माणूस 'पदव्या बाजूला ठेवूया' असा रीतसर प्रस्ताव मांडे, प्याला उंचावला जाई आणि तिथून पुढे एकेरी.

हे बदललं ते एका माणसामुळे नव्हे. वर्तमानपत्रांची ऑफिसं, कामगार संघटना यांच्यात 'डू' आधीच रुळत होतं. पण लोकांच्या लक्षात राहिला तो १९६७चा उन्हाळा. आरोग्य खात्याच्या राष्ट्रीय मंडळाचे नवे प्रमुख ब्रूर रेक्सेद यांनी रुजू होतानाच कर्मचाऱ्यांना सांगितलं की मी सगळ्यांना नावाने आणि 'डू' म्हणून हाक मारेन, तुम्हीही मला तसंच म्हणा. त्याच वर्षी, ३ सप्टेंबरच्या पहाटे पाचला, अख्ख्या देशाची वाहतूक रस्त्याच्या डावीकडून उजवीकडे गेली. १९६९ मध्ये ओलॉफ पाल्मे पंतप्रधान झाले तेव्हा पत्रकार त्यांना 'डू' म्हणत होते. काही वर्षांत जुनी पद्धत दिसेनाशी झाली.

अलीकडे दुकानांतली तरुण मुलं गिऱ्हाइकाला आदराने 'नी' म्हणतात. १९६७ अनुभवलेल्या आजीबाई मात्र त्यावर चिडतात, कारण त्यांच्या कानाला अजूनही त्यात मालकिणीने मोलकरणीला मारलेली हाक ऐकू येते. राजाशी बोलताना आजही "राजेसाहेब कॉफी घेणार का?" असंच तृतीयपुरुषी विचारायचं. बाकी सगळीकडे 'डू'. माझी मुलगी वर्गात बाईंना नावाने हाक मारते आणि संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर साताऱ्याच्या आजोबांना "तुम्ही जेवलात का?" असं विचारते.