प्राध्यापकांचे पॉडकास्ट-संवाद

विद्यापीठात शिकवणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्या व्यक्तींनी आपल्या विषयावर, तसेच त्या विषयाकडे आपल्याला ओढून आणणाऱ्या आवडींवर केलेल्या गप्पा ध्वनिमुद्रित करून भागाभागांनी इंटरनेटवर प्रसारित करण्याचा प्रकार. समोर सूत्रसंचालक असतो, कधी सहकारी, कधी विद्यार्थी. वर्गातले व्याख्यान ध्वनिमुद्रित करून जसेच्या तसे उपलब्ध करून देणे याहून हा प्रकार निराळा आहे. ध्वनिमुद्रित व्याख्यानात फळ्यावर काय लिहिले जात आहे ते श्रोत्याला दिसत नाही आणि बोलणारा त्याला उद्देशून बोलतही नसतो. संवादात मात्र अनोळखी, विषयात नवखा, पण मनापासून ऐकणारा माणूस सुरुवातीपासूनच गृहीत धरलेला असतो.

विद्वानांनी ध्वनिमाध्यमातून सर्वसामान्यांशी बोलण्याची प्रथा रेडिओने रुजवली. बीबीसीची ‘रीथ व्याख्याने’ 1948 मध्ये तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांच्यापासून सुरू झाली, पण ती एकट्याने बोलायची होती. संवादाचा नमुना घालून दिला तो बीबीसी रेडिओ 4 वरील ‘इन अवर टाइम’ने. ऑक्टोबर 1998 मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात मेल्विन ब्रॅग सूत्रसंचालन करीत आणि एकाच विषयाचे बहुधा तीन अभ्यासक त्यांच्यासमोर बसत. विषय विस्कळीत वाटावेत इतके दूरदूरचे असत, एका आठवड्यात कृष्णविवरे तर पुढच्या आठवड्यात एखादे प्राचीन साम्राज्य. ब्रॅग यांनी 2025 पर्यंत ही धुरा वाहिली आणि भागांची संख्या हजाराच्या पुढे गेली.

तंत्राची बाजू थोडक्यात सांगण्याजोगी आहे. 2000 च्या अखेरीस आरएसएस फीडला, म्हणजे संकेतस्थळावरील नव्या मजकुराची खबर आपोआप पोहोचवणाऱ्या यादीला, ध्वनिफाइल जोडण्याची सोय झाली. त्यामुळे नवा भाग श्रोत्याच्या यंत्रावर आपोआप उतरू लागला. जून 2005 मध्ये ॲपलच्या आयट्यून्स या संगीत ऐकण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉडकास्टची यादी आली आणि ऐकणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. विद्यापीठेही याच सुमारास सरसावली. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने 2004 मध्ये प्रथम वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांना आयपॉड, म्हणजे ॲपलचे खिशात मावणारे ध्वनियंत्र, दिले. 2007 मध्ये आयट्यून्स यू हे स्वतंत्र दालन उघडले आणि अनेक विद्यापीठांची व्याख्याने तेथे मोफत मिळू लागली.

व्याख्यानांच्या त्या लाटेबरोबरच संवादाची परंपरा आकार घेत होती. अर्थशास्त्राचे प्राध्यापक रस रॉबर्ट्स यांनी 2006 मध्ये ‘इकॉनटॉक’ सुरू केला. एका पाहुण्याशी तासभर बोलायचे, घाई करायची नाही, मतभेद असेल तर तो शांतपणे मांडायचा, ही त्याची रीत. 2007 मध्ये आलेल्या ‘फिलॉसॉफी बाइट्स’ची रीत उलटी होती. डेव्हिड एडमंड्स आणि नायजेल वॉरबर्टन एका तत्त्वज्ञाला एकच प्रश्न घेऊन भेटत आणि ध्वनिमुद्रण काटेकोरपणे छाटून पाव तासाच्या आसपास आणत. इतिहासकार मार्शल पो यांनी उभारलेल्या ‘न्यू बुक्स नेटवर्क’ने विद्यापीठीय ग्रंथांच्या लेखकांच्या मुलाखतींचे प्रचंड भांडार तयार केले. जे ग्रंथ एरवी मोजक्या ग्रंथालयांत राहिले असते, त्यांचे सार लेखकाच्याच तोंडून ऐकण्याची सोय यामुळे झाली, आणि हे काम मोलाचे आहे.

या संवादांतून खरे काय मिळते? माहिती तर पुस्तकांतही असते. संशोधनपर लेखात मात्र विचाराचा शेवटचा, घासूनपुसून घेतलेला टप्पाच छापला जातो. कोणती शंका आधी आली, कोणता पुरावा हाती लागला नाही, कोणत्या वळणावर मत बदलले, हे सगळे तेथून गळून जाते. चांगला सूत्रसंचालक नेमके तेच बाहेर काढतो, आणि त्यासाठी त्याला फार अवघड प्रश्न लागत नाहीत. “हे तुम्हाला कशावरून कळले?” एवढा साधा प्रश्न पुरतो. त्यावर प्राध्यापक क्षणभर थांबतो, उदाहरण शोधतो, “इथे आमच्यात एकमत नाही” असे सांगतो. एखाद्या ज्ञानशाखेत खात्रीचे काय आणि अंदाजाचे काय, ही सीमारेषा ऐकणाऱ्याला अशा वेळी जितकी स्पष्ट कळते तितकी पाठ्यपुस्तकातून क्वचितच कळते. तिघे अभ्यासक एकत्र असले की आणखी एक गोष्ट घडते. एकाने केलेले सरसकट विधान दुसरा लगेच दुरुस्त करतो आणि श्रोत्याला वाद प्रत्यक्ष ऐकू येतो. ‘इन अवर टाइम’च्या पॉडकास्ट आवृत्तीत तर मुख्य चर्चा संपल्यावरही ध्वनिमुद्रण चालू ठेवून ब्रॅग पाहुण्यांना काय सांगायचे राहून गेले ते विचारीत. घड्याळाचे दडपण उतरलेले असते, म्हणून त्या काही मिनिटांत माणसे मोकळी होतात आणि अनेकदा सर्वांत मार्मिक मुद्दा तिथेच येतो.

व्यक्तिगत आवडींचे स्थान याच संदर्भात पाहावे. बीबीसीच्या ‘द लाइफ सायंटिफिक’मध्ये सरे विद्यापीठातील सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जिम अल-खलिली 2011 पासून शास्त्रज्ञांना त्यांचे बालपण, शिक्षक, अपयश आणि कुतूहल यांविषयी बोलते करीत आले आहेत. विचारणारा स्वतः शास्त्रज्ञ असल्याने आयुष्याची गोष्ट आणि प्रयोगशाळेतले काम यांची फारकत होत नाही. पीटर ॲडमसन यांचे उदाहरण त्याहून वेगळे आणि फार गोड आहे. अरबी भाषेतील मध्ययुगीन तत्त्वज्ञानाचे हे अभ्यासक 2010 पासून तत्त्वज्ञानाचा इतिहास एकही टप्पा न गाळता सांगत आहेत. त्यात त्यांचे एकट्याचे निवेदन असते आणि मधूनमधून त्या त्या काळाच्या अभ्यासकांशी संवाद. जिराफ आणि मूकपटांचा विनोदवीर बस्टर कीटन या त्यांच्या दोन लाडक्या गोष्टी. ॲरिस्टॉटलचे तर्कशास्त्र असो की द्रव्य आणि गुण यांचा काथ्याकूट, उदाहरणाला जिराफ हजर होतोच. त्यामुळे अमूर्त कल्पना लक्षात राहते आणि बोलणाऱ्याशी नातेही जुळते. पुढे भारतीय, आफ्रिकी आणि चिनी तत्त्वज्ञानासाठी त्यांनी त्या त्या क्षेत्रातले सहलेखक बरोबर घेतले. आपल्याला न येणाऱ्या गोष्टीसाठी जाणकाराला बोलावणे, हीसुद्धा उत्तम प्राध्यापकाचीच खूण म्हणायला हवी.

याउलट भागाच्या शेवटी उरलेल्या पाच मिनिटांत “तुमचे छंद कोणते?” असे विचारले, तर उत्तर सहसा पोकळ येते. आवड विषयाच्या ओघात आली पाहिजे. लहानपणी खडे गोळा करणारी मुलगी भूगर्भशास्त्रज्ञ का झाली, किंवा वीणा वाजवणाऱ्या गणितज्ञाला आवर्तने का खुणावतात, हे कळले की त्या व्यक्तीने आयुष्यभर नेमका तोच प्रश्न का उराशी धरला, याचाही उलगडा होतो.

निर्मितीत बोलणाऱ्यांच्या तयारीइतकेच जागेला महत्त्व असते. प्रतिध्वनी न उठणारी लहान खोली आणि प्रत्येकाला स्वतंत्र मायक्रोफोन, एवढ्यावर बरेच साधते. दोघे दूरच्या गावी असतील तर प्रत्येकाचा आवाज त्याच्याच संगणकावर ध्वनिमुद्रित करून नंतर जुळवतात, म्हणजे जोडणी डळमळली तरी मूळ ध्वनी शाबूत राहतो. इंग्रजीत मिनिटाला साधारण दीडशे शब्द धरले, तर तासाभराच्या गप्पा नऊ हजार शब्दांच्या, म्हणजे एखाद्या मोठ्या शोधनिबंधाएवढ्या होतात. म्हणूनच लिखित शब्दांकन जोडणे अगत्याचे ठरते. कर्णबधिर वाचकांना आणि संदर्भ शोधणाऱ्यांना दुसरा मार्ग नसतो.

मर्यादाही आहेत. समीकरणे, नकाशे, सूक्ष्मदर्शकाखालची चित्रे कानांनी कळत नाहीत. कुशल वक्ता आपल्या क्षेत्राबाहेर जाऊन तितक्याच ठामपणे बोलू लागला, तर श्रोत्याला फरक ओळखता येत नाही. शिवाय शोधनिबंधाचे होते तसे तज्ज्ञांकडून परीक्षण येथे सहसा होत नाही, आणि त्यामुळे बढतीच्या वेळी हे काम बहुधा जमेस धरले जात नाही. या दोन्ही प्रश्नांवर कॅनडात एक धाडसी प्रयोग झाला. सायमन फ्रेझर विद्यापीठातील हॅना मॅकग्रेगर यांच्या ‘सीक्रेट फेमिनिस्ट अजेंडा’ या पॉडकास्टचे विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने रीतसर परीक्षण करवून घेतले आणि परीक्षकांची मते व लेखिकेची उत्तरे सर्वांना वाचता येतील अशी खुली ठेवली. जतनाचा प्रश्न मात्र बिकटच राहिला आहे. आयट्यून्स यू 2021 च्या अखेरीस बंद झाले. ज्या संस्थांनी आपल्या ध्वनिमुद्रणांच्या प्रती स्वतःच्या ग्रंथालयात ठेवल्या होत्या, त्यांना ती दुसरीकडे पुन्हा उपलब्ध करून देता आली.