आय-६५ वरच्या गुहांच्या पाट्या आणि केंटकीतलं गुहायुद्ध

अमेरिकेत केंटकीतल्या लुइव्हिलहून टेनेसीतल्या नॅशव्हिलला आय-६५ हायवेने निघालात की साधारण अर्ध्या वाटेवर पाट्या सुरू होतात, ही केव्ह, ती केव्हर्न, अमुक एक्झिट घ्या, डायनोसॉर पण बघा. पहिल्यांदा जाणारा हमखास गोंधळतो, अरे आपल्याला तर मॅमथ केव्हला (इथली सगळ्यात मोठी गुहा) जायचंय मग ह्या बाकीच्या काय डुप्लिकेट आहेत की काय? डुप्लिकेट नाहीत, खऱ्याच आहेत. पण ह्या पाट्यांच्या मागे शंभर वर्षांपूर्वीची जुनी भांडणं आहेत आणि त्यात एका माणसाचा जीव गेलाय.

आधी थोडं जमिनीचं. आपल्याकडे गुहा म्हटलं की वेरूळ नाहीतर कार्ला, म्हणजे बेसॉल्टमध्ये छिन्नी चालवून माणसांनी कोरलेली लेणी. केंटकीत खाली चुनखडी आहे, पावसाचं पाणी मातीतून झिरपताना किंचित आंबट होतं आणि तेच चुनखडी विरघळवत लाखो वर्षं आपल्या वाटा करत गेलं. मॅमथवर बऱ्याच ठिकाणी वाळूच्या दगडाची टोपी आहे, त्यामुळे वरून पाणी फारसं गळत नाही, वाटा कोरड्या राहतात (आणि म्हणूनच फोटोतल्यासारखे लोंबते खांब तिथे कमी दिसतात, लोक हिरमुसून बाहेर येतात). आतापर्यंत मोजलेली लांबी ४२० मैलांच्या वर आहे, जगात सगळ्यात लांब.

१८१२ च्या युद्धात इथून सोरा काढायचे, बंदुकीच्या दारूसाठी, आणि काम करणारे होते गुलाम. ती लाकडी हौदं आणि पाइप आजही आत आहेत. युद्ध संपलं, सोऱ्याचा भाव पडला आणि १८१६ पासून लोकांना गुहा दाखवायला सुरुवात झाली. १८३८ मध्ये नवीन मालकाने स्टीफन बिशप नावाच्या आपल्या गुलामाला गाइड म्हणून आणलं, वय जेमतेम सतरा. ह्या पोराने त्याच वर्षी बॉटमलेस पिट नावाचा आतला खोल खड्डा ओलांडला, ज्याच्या पुढे तोवर कोणी गेलं नव्हतं, आतल्या नद्यांपर्यंत पोचला, तिथले बिनडोळ्यांचे मासे बघितले, आणि १८४२ मध्ये नुसत्या आठवणीवर गुहेचा नकाशा काढला. गुहा १८३९ मध्ये डॉ. क्रोघन यांना विकली गेली तेव्हा सोबत बिशपही विकला गेला! ह्याच डॉक्टरांनी गुहेतली हवा टीबीला चांगली म्हणून पेशंट आत झोपड्या बांधून ठेवले, पेशंट दगावले, पुढे डॉक्टर स्वतःही टीबीनेच गेले. बिशपला १८५६ मध्ये मुक्ती मिळाली, पुढच्याच वर्षी तो वारला.

खरा राडा सुरू झाला तो मोटारी आल्यावर. आधी लोक रेल्वेने थेट मॅमथला यायचे, मध्ये कोणी अडवणारं नव्हतं. मोटारवाला मात्र कुठेही थांबू शकतो ना. इथली शेती यथातथाच, पण शेताखाली गुहा निघाली तर नशीब पालटायचं, म्हणून जो तो भोकं शोधत फिरायला लागला. महाबळेश्वरला एसटी थांबायच्या आत हॉटेलचे एजंट खिडकीला लटकतात तसे इथे 'कॅपर' असायचे, डोक्याला पोलिसासारखी टोपी, चालत्या गाडीच्या फूटबोर्डवर उडी मारायची आणि सांगायचं की मॅमथ बंद आहे हो, पाणी भरलंय, तुम्ही आमच्या गुहेत चला. १९२१ मध्ये जॉर्ज मॉरिसनने तर आपल्या जमिनीतून सुरुंग लावून मॅमथलाच दुसरं तोंड पाडलं आणि वेगळी तिकिटं विकायला लागला. बांधावरून कोर्टात जाणं आपल्याला नवीन नाही, पण ग्रेट ऑनिक्स केव्हच्या केसमध्ये बांध जमिनीच्या खाली होता, शेजारी म्हणाला तोंड तुझ्याकडे असेल पण गुहा माझ्या शेताखाली शिरलीये. कोर्टाने आत मोजणी करायला लावली आणि शेवटी शेजाऱ्याला नफ्यातला सुमारे तिसरा हिस्सा मिळाला.

ह्या सगळ्यात फ्लॉइड कॉलिन्स. १९१७ मध्ये त्याला घरच्या शेताखाली क्रिस्टल केव्ह सापडली, दिसायला सुंदर, पण रस्त्याच्या पार शेवटी. गिऱ्हाईक तिथपर्यंत पोचायच्या आधीच बाकीचे ओढून न्यायचे. म्हणून मेन रोडच्या जवळ, सगळ्यांच्या आधी लागेल अशी गुहा हवी हे त्याच्या डोक्यात बसलं. जमीनमालकांशी वाटणीचा करार करून तो सँड केव्हमध्ये घुसला आणि ३० जानेवारी १९२५ ला परत येताना एका दगडाने पाय अडकला. दगड किती, तर सुमारे २७ पौंड, म्हणजे १२ किलो. पण जागा इतकी अरुंद की हात पोचत नव्हता. स्कीट्स मिलर नावाचा बारीक चणीचा रिपोर्टर सरपटत आत जाऊन त्याच्याशी बोलून आला, त्याला पुढे पत्रकारितेचं पुलित्झर बक्षीस मिळालं. रेडिओवर बातम्या, वर हजारोंची गर्दी, हॉटडॉग आणि फुगे विकणारे, अक्षरशः जत्रा. मधेच वाट ढासळली, मग शेजारून विहिरीसारखा खड्डा खणत १६ फेब्रुवारीला पोचले तोवर फ्लॉइड गेला होता.

मेल्यावरही सुटका नाही. १९२७ मध्ये वडिलांनी क्रिस्टल केव्ह विकली आणि नव्या मालकाने फ्लॉइडचं प्रेत काचेच्या पेटीत गुहेतच मांडलं, पर्यटकांसाठी! १९२९ मध्ये ते चोरीला गेलं, मिळालं तेव्हा एक पाय गायब. नीट दफन झालं ते १९८९ मध्ये.

त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, १९२६ मध्ये, अमेरिकन काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने) नॅशनल पार्कला मंजुरी दिली, शेकडो कुटुंबांना जमिनी सोडाव्या लागल्या आणि १९४१ मध्ये पार्क झालं. हद्दीबाहेरच्या खासगी गुहा राहिल्या, हायवेवरच्या पाट्या त्यांच्याच. क्रिस्टल केव्ह पार्कने १९६१ मध्ये घेतली. फ्लॉइड आधीपासून म्हणायचा की ह्या गुहा आतून एकमेकींना जोडलेल्या असणार, आणि १९७२ मध्ये काही गुहाशोधक फ्लिंट रिजकडून, म्हणजे क्रिस्टल ज्या जाळ्यात येते तिकडून, पाण्यातून चालत खरंच मॅमथमध्ये निघाले. सँड केव्हच्या तोंडापर्यंत आता लाकडी पायवाट आहे, पार्कमध्ये शिरतानाच लागते, अगदी रस्त्याला लागून.