नळ बंद केला की भिंतीत कोण ठोकतं?

परवा एका परिचितांनी दबक्या आवाजात विचारलं, "रात्री भिंतीतून ठोके ऐकू येतात. घरात काही आहे का हो?" आहे ना. पाणी आहे, आणि ते घाईत आहे.

ठोका कधी पडतो, असं मी विचारलं. ते मात्र ठोका कुठून येतो तेच सांगत राहिले: आधी बाथरूमच्या भिंतीतून, मग म्हणाले छतातून. छडा लावताना हमखास फसगत होते ती इथेच. पाइप आवाज वाहून नेण्यात पटाईत असतो. तळमजल्यावर झालेला ठोका वरच्या मजल्यावर अगदी उशाशी ऐकू येतो. म्हणून जागा नव्हे, वेळ शोधायची. दोन रात्री कान देऊन त्यांनी कळवलं: वॉशिंग मशीन पाणी घ्यायचं थांबवतं, नेमका त्याच क्षणी. मशीनचं वेळापत्रक पाळणारं भूत अजून तरी कुणी पाहिलेलं नाही.

या ठोक्याला प्लंबर आणि इंजिनियर दोघंही 'वॉटर हॅमर' म्हणतात. द्रव दाबले जात नाहीत, असं आपण शाळेत शिकतो. ते जवळपास खरं आहे, आणि सगळी गंमत त्या 'जवळपास'मध्ये आहे.

समजा टाकीपासून मशीनपर्यंत १५ मिलिमीटर आतल्या व्यासाचा, २० मीटर लांबीचा धातूचा पाइप आहे. त्यात साडेतीन लिटर, म्हणजे साडेतीन किलो पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने धावतंय. मशीनमधली विजेवर चालणारी झडप खटकन मिटते. झडपेला टेकलेला पाण्याचा थर तिथल्या तिथे थांबतो. मागचा थर त्याच्यावर आदळतो, किंचित दबतो, थांबतो. मग त्याच्या मागचा. थांबण्याची ही बातमी मागे मागे सरकत जाते, ती पाण्यातल्या आवाजाच्या वेगाने. मोकळ्या पाण्यात हा वेग सेकंदाला सुमारे १४८० मीटर असतो. पाइप स्वतः थोडा फुगत असल्यामुळे त्यात तो कमी, साधारण १३०० धरू.

आता दाब किती वाढतो ते पाहू. निकोलाय झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९७ च्या सुमारास मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून हे गणित पक्कं केलं. (विमानाच्या पंखांच्या सिद्धांतातही याचं नाव भेटतं.) पाण्याची घनता, लहरीचा वेग आणि प्रवाहाच्या वेगात पडलेला फरक यांचा गुणाकार करायचा. १००० गुणिले १३०० गुणिले २, म्हणजे २६ लाख पास्कल. वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २६ पट! एवढ्या दाबाखाली पाणी आकसतं ते हजारात जेमतेम सव्वा भाग. पण पाइपच्या कोपऱ्यावर बसणारा धक्का सुमारे ४७ किलोच्या वजनाइतका असतो. क्लॅम्प ढिला असेल, तर पाइप उसळून भिंतीवर आपटणारच.

गोष्ट इथे संपत नाही. लहर टाकीपाशी पोचते तेव्हा पाइपभर पाणी दबून उभं असतं, आणि टाकीत मात्र तेवढा दाब नसतो. म्हणून पाणी उलटं टाकीकडे निघतं. दाब उतरल्याची लहर झडपेशी येते, तिथे पाणी मागे ओढलं गेल्याने दाब खूप पडतो, ती पडझड पुन्हा टाकीकडे जाते आणि परत येते. पाइपच्या चार फेऱ्या, म्हणजे ८० मीटर, झाल्या की एक आवर्तन पूर्ण. सेकंदाला सुमारे १६ आवर्तनं. म्हणून नुसता 'ठक' ऐकू येत नाही, मागोमाग विरत जाणारी थरथरही येते.

जुन्या आट्यांच्या तोटीत हे सहसा का होत नाही? टाकीपर्यंत जाऊन परतायला लहरीला लागतात सेकंदाचे तीन शतांश. चार-पाच फेरे देऊन तोटी मिटेपर्यंत ती कितीतरी वेळा परत येऊन दाब उतरवून जाते. झडप त्या तीन शतांशांच्या आत मिटली, तरच पूर्ण तडाखा बसतो. प्लॅस्टिकचा पाइप जास्त फुगतो, त्यात लहर सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास रेंगाळते आणि तडाखाही त्याच प्रमाणात घटतो.

हाच तडाखा कामालाही लावता येतो. फुग्यातून माणसाला आकाशात नेणाऱ्या माँगोल्फिए बंधूंपैकी जोसेफने १७९६ मध्ये केवळ याच धक्क्यावर पाणी वर चढवणारा पंप बनवला. ना इंजिन, ना वीज.

बाकीचे आवाज तुलनेने साधे. गरम पाणी सोडल्यावर टिकटिक होत असेल, तर पाइप तापून लांबतोय. तांब्याचा ५ मीटर पाइप ४० अंशांनी तापला की साडेतीन मिलिमीटर वाढतो आणि क्लॅम्पमधून अडखळत सरकतो. तोटी अर्धवट उघडली तरच घरघर किंवा शिटी येत असेल, तर वॉशर पाहा. टाकी भरत आलेली असताना लांब घुमणारा आवाज आला, तर फ्लोटचा व्हॉल्व्ह थरथरतोय. आणि नळ थुंकत असेल, तर पाइपात हवा शिरलीय.

ठोक्यावर उपाय तीन: पाइप घट्ट बांधा, पाण्याचा वेग कमी करा, किंवा झडपेजवळ हवेची उशी द्या. पाइपच्या टोकाशी उभी ठेवलेली साधी हवेची नळी मात्र कायमची पुरत नाही. तिच्यातली हवा हळूहळू पाण्यात विरघळते. मग सगळं पाणी काढून ती पुन्हा भरावी लागते.

परिचितांकडे एका कोपऱ्याचा क्लॅम्प निसटलेला निघाला. तो रबर घालून आवळला आणि मशीनच्या मागची चावी अर्धी मिटवली. मशीन भरायला आता थोडा जास्त वेळ लागतो, एवढीच त्यांची तक्रार आहे.