लोकर ओळखा, मग नमुना निवडा

दुकानातून आणलेला लोकरीचा गुंडा पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत एकाच जाडीचा असतो. नमुन्यात दिलेले टाके, सुयांचा नंबर, लागणारी लोकर, सगळा हिशेब याच भरवशावर मांडलेला असतो. टकळीवर किंवा चरख्यावर हाताने कातलेल्या लोकरीचं तसं नाही. तिची जाडी कमीजास्त होते, पीळ कुठे घट्ट तर कुठे सैल बसतो आणि मेंढीची जात बदलली की धागा वेगळाच वागू लागतो. त्यामुळे आवडलेला नमुना समोर ठेवून त्यात हातकताईची लोकर बसवायचा खटाटोप बहुतेकदा फसतो. क्रम उलटा हवा. आधी धागा नीट तपासायचा, मग त्याला मानवेल असं काम निवडायचं.

सुरुवात पिळापासून करू. लोकरीचे केस लांबीला जेमतेम काही सेंटिमीटर असतात. पीळ दिला की बाहेरचे केस आतल्या केसांना आवळतात, त्यांच्यातलं घर्षण वाढतं आणि सुट्या केसांचा सलग धागा होतो. मात्र पीळ देताना खर्च केलेली ऊर्जा धाग्यात साठून राहते. ती आहे की नाही हे घरीच पाहता येतं. हातभर धागा घ्या, दोन्ही टोकं जवळ आणा आणि मधला भाग खाली लोंबू द्या. तो मोकळा लोंबत राहिला तर पीळ समतोल आहे. स्वतःभोवतीच गुंडाळला गेला तर ताण शिल्लक आहे, आणि विणताना तो कुठेतरी बाहेर पडणारच.

तो बाहेर पडतो टाक्यांतून. एक ओळ सुलटी, एक ओळ उलटी अशी साधी वीण एकपदरी, जास्त पिळाच्या धाग्याने विणली की प्रत्येक टाका किंचित एकाच बाजूला कलतो. एका टाक्याचा कल डोळ्यांना दिसतही नाही, पण शेकडो टाक्यांचा मिळून चौकोनी तुकडा तिरपा होतो. स्वेटरची बाजूची शिवण फिरून पोटावर येते ती यामुळे. धुऊन ताणून वाळवला तर तुकडा सरळ दिसतो खरा, पण लोकरीच्या केराटिन या प्रथिनातले हायड्रोजन बंध पाण्यात सुटतात आणि वाळताना नव्या जागी जुळतात. पुढच्या धुण्यात ते पुन्हा सुटतात आणि तिरपेपणा परत येतो. खरा उपाय नमुन्यातच आहे. सगळ्या ओळी सुलट्या विणल्या, किंवा सुलटे-उलटे टाके आलटूनपालटून घेतले, तर कापडाच्या एकाच बाजूला दोन्ही तऱ्हेचे टाके येतात. त्यांचे कल विरुद्ध दिशांना असल्याने एकमेकांना खोडून काढतात. या विणीचा आणखी एक फायदा म्हणजे तिच्या उंचसखल पोतात धाग्याचा जाडबारीकपणा लपून जातो. नव्याने कातायला शिकलेल्यांनी पहिल्या लोकरीसाठी हीच वीण घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा मार्ग पदर वाढवण्याचा. दोन एकपदरी धागे कताईच्या उलट दिशेने एकत्र पिळले की साठलेला ताण बराचसा फिटतो. पण पदर किती हे ठरवताना नमुना डोळ्यांसमोर असायला हवा, कारण आकार बदलतो. दुपदरी धाग्याचा छेद लांबट असतो. त्याचे पदर टाक्यात बाहेरच्या बाजूला सरकू पाहतात, त्यामुळे जाळीच्या विणीतली भोकं छान उघडी राहतात. तिपदरी धागा जवळजवळ गोल होतो आणि टाका भरीव दिसतो. वेण्यांचे किंवा उठावाचे नमुने त्यावरच खुलतात. मोज्यांसाठीही तिपदरी आणि घट्ट पिळाचाच धागा हवा. टाचेखाली कापड सतत घासतं आणि सैल पिळातून केस निसटून गोळे धरतात.

आता केसांच्या जाडीकडे वळू. 'लोकर टोचते' ही तक्रार आपण सगळेच करतो. बहुतेकांना ती ॲलर्जी वाटते, पण बहुतेक वेळा हा सरळ यांत्रिक प्रकार असतो. कापडातून बाहेर डोकावणारं केसाचं टोक त्वचेला टेकतं. केस बारीक असेल तर वाकतो आणि विषय संपतो. जाड असेल तर वाकण्याआधीच त्वचा इतकी दाबतो की तिथल्या वेदनेच्या मज्जातंतूंना जाग येते. इथलं गणित डोळे उघडणारं आहे. केस वाकायला लागणारा जोर त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे २० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) केसाच्या तुलनेत तेवढ्याच लांबीच्या ४० मायक्रॉनच्या केसाला १६ पट जोर लागतो. म्हणून सरासरी जाडीपेक्षा जाड केसांचं प्रमाण महत्त्वाचं. शंभरातले पाचच केस ३० मायक्रॉनहून जाड असले तरी पुष्कळांना ते कापड टोचतं. विणण्याआधी लोकरीची छोटी लडी गळ्याजवळ तासभर ठेवून पाहावी. बोटांची कातडी राठ असते, तिच्यावर विसंबू नये.

आपल्या दख्खनी मेंढीची लोकर भरड, राठ केसांची. तिचा बाळासाठी स्वेटर विणायला घेणं म्हणजे लोकर आणि बाळ दोघांवरही अन्याय. पण धनगरांनी पाळलेल्या याच मेंढ्यांच्या हातकताईच्या लोकरीतून मागावर घोंगडी उभी राहते. ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ देतात, म्हणजे केस चिकटून बसतात आणि धागा मागाचा ताण सोसतो. अंगावरच्या कपड्यात नडणारा राठपणा इथे टिकाऊपणा होऊन कामी येतो. रानात, पावसात वापरायच्या वस्तूला तोच हवा. दख्खनी लोकर सुयांवर घ्यायचीच असेल तर बसायची आसनं, पिशव्या किंवा जाड पायपुसणी विणावी. तिथे ती वर्षानुवर्षं टिकते.

दुसऱ्या टोकाला रशियातल्या ओरेनबुर्गच्या शाली आहेत. तिथल्या शेळ्यांच्या अंगावरची मऊ लव कातून ती रेशमाच्या धाग्याबरोबर पिळतात. लव अतिशय बारीक, तिला स्वतःची ताकद थोडी. ती रेशीम पुरवतं. वापरात लव फुलून येते आणि धाग्याभोवती धुकं धरल्यासारखं दिसतं. अशा धाग्यावर बारीक उठावाचं काम केलं तर ते त्या लवेतच बुडून जाईल. म्हणून त्या विणकर बायकांनी सुलट्या ओळींच्या साध्या जमिनीवर भोकांच्या भौमितिक आकृत्या बसवल्या. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंडमधल्या अन्स्ट बेटावरच्या जाळीदार शालींची जमीनही अशाच विणीची. दोन्हीकडच्या उत्तम शाली अंगठीतून आरपार जातात म्हणून प्रसिद्ध आहेत. धागा पाहून नमुना ठरवण्याचं यापेक्षा देखणं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

राहिला प्रश्न लोकर पुरेल का याचा. हातकताईची लोकर संपली की तशीच आणखी मिळत नाही, म्हणून मोजणी आधी करावी. लडीतल्या वेगवेगळ्या जागांवरून मिळून १० मीटर धागा मोजून त्याचं वजन करा. तो ४ ग्रॅम भरला तर १०० ग्रॅममध्ये साधारण २५० मीटर आहेत. दोन लड्यांच्या जाडीत किंवा रंगात फरक असेल तर दोन-दोन ओळी आळीपाळीने दोन्ही लड्यांतून विणाव्यात, म्हणजे मधेच पट्टा उमटत नाही. नमुन्याचा छोटा तुकडा विणून, धुऊन, वाळवून मगच टाके मोजावेत. हातकताईची लोकर पहिल्या धुण्यात चांगलीच फुलते.

माप चुकायची धास्ती असेल तर वरच्या टोकापासून सुरू होणारी तिकोनी शाल विणावी. ती कुठल्याही ओळीला थांबवता येते. पण इथेही एक फसवं गणित आहे. ओळी खाली जाताना रुंद होत जातात आणि लोकर उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात लागते. ठरवलेल्या उंचीच्या अर्ध्यावर पोचलात तर लोकर फक्त चौथा हिस्सा संपलेली असते. निम्मी लोकर संपते तेव्हा शाल जवळजवळ ७१ टक्के उंच झालेली असते. त्यामुळे डोळ्यांच्या अंदाजावर न जाता उरलेला गुंडा काट्यावर ठेवत जावं. शेवटची ओळ बंद करायला तिच्या रुंदीच्या तिप्पट ते चौपट धागा लागतो. तेवढा आधीच मोजून खूण करून ठेवावा.