अडकलेलं स्टीअरिंग आणि हातोडीचा उपाय

‘नट काढा, शाफ्टच्या डोक्यावर दोन घाव घाला, स्टीअरिंग आपसूक सुटतंय,’ हा जुन्या गाड्यांचं घट्ट बसलेलं स्टीअरिंगचं चाक काढण्यासाठीचा सल्ला कोल्हापुरात उद्यमनगरापासून गल्लीतल्या गॅरेजपर्यंत सर्रास मिळतो. कधीकधी सुटतंही, म्हणूनच तो टिकलाय! पण स्टीअरिंग गंजून बसलेलं असतं शाफ्टच्या, म्हणजे ज्या दांड्यावर ते बसवलेलं असतं त्याच्या, बारीक दात्यांवर. घाव बसतो आट्यांवर आणि बेअरिंगवर. अपघातात दबणारा कॉलम (शाफ्ट आणि त्याभोवतीची नळी) असेल तर आतल्या प्लॅस्टिकच्या पिना तुटू शकतात, आणि बाहेरून काही कळतही नाही.

त्यापेक्षा दात्यांवर गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर थांबा. स्टीअरिंग आणि शाफ्टवर जुळती खूण करा. नट ढिला करा, पण चार आटे अडकवून ठेवा. नाहीतर सुटलेलं स्टीअरिंग थेट तोंडावर येतं. मग पुलर (चाक ओढून काढायचं स्क्रूचं अवजार) लावून हळूहळू आवळा. एअरबॅगवाल्या गाडीला हे लागू नाही.