निवडणूक रोखे

राजकीय पक्षांना नाव न सांगता देणगी देण्यासाठी भारतात 2018 ते 2024 या काळात चाललेले, वचनचिठ्ठीच्या स्वरूपाचे कागदी धारकपत्र (ज्यावर मालकाचे नाव नसते असा दस्तऐवज). योजना 2017 च्या अर्थसंकल्पात मांडली गेली आणि 2 जानेवारी 2018 रोजी अधिसूचित झाली. एक हजारापासून एक कोटीपर्यंत पाच दर्शनी मूल्यांचे रोखे स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांत मिळत आणि पक्षाला ते पंधरा दिवसांत वटवावे लागत.

छपाई : रोखे नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात छापले जात. या मुद्रणालयाच्या उभारणीचा काळ 1924–25 असाही सांगतात. स्थापनावर्ष म्हणून 1925 धरणे बरे. टपाल तिकिटेही येथेच छापली जाऊ लागली; त्यापूर्वी ती लंडनच्या डे ला रू कंपनीकडून येत. (नाशिकमध्ये नुसते ‘प्रेस’ म्हटले की घोटाळा होतो : शेजारचे चलनपत्र मुद्रणालय 1928 चे, आणि गांधीनगरचे सरकारी मुद्रणालय निराळेच.) रोखे कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात काढावेत, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये केली होती. तसे केल्यास देणगीदाराची गुप्तता राहणार नाही, या कारणास्तव ती नाकारली गेली व काम छापखान्याकडे आले.

छुपा क्रमांक : रोख्यावर खरेदीदाराचे वा पक्षाचे नाव नसे. एप्रिल 2018 मध्ये एका पत्रकाराने एक हजाराचे दोन रोखे विकत घेऊन प्रयोगशाळेत तपासून घेतले, तेव्हा अतिनील प्रकाशात उजव्या वरच्या कोपऱ्यात अक्षरे व अंक मिळून झालेला, प्रत्येक रोख्याचा वेगळा क्रमांक उमटलेला दिसला. त्याच्या हेतूविषयी दोन मते आहेत. अर्थ मंत्रालयाचे म्हणणे असे की, बनावट रोखे ओळखण्यासाठीची ही केवळ सुरक्षाखूण असून बँक तो क्रमांक खरेदीदाराच्या वा पक्षाच्या नोंदीत लिहीत नाही. टीकाकारांच्या मते, त्यावरून कोणाचा पैसा कोठे गेला हे बँकेला, पर्यायाने सरकारला, कळू शकत होते. सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी योजना घटनाबाह्य ठरवली. रोखे कोणी घेतले व कोणत्या पक्षाने वटवले याच्या 14 मार्चला प्रसिद्ध झालेल्या याद्यांत क्रमांक नव्हते. न्यायालयाने बजावल्यावर 21 मार्चला खरेदी व वटवणूक या दोन्ही याद्या क्रमांकांसह आल्या आणि देणगीदार-पक्ष अशा जोड्या जुळवता आल्या. हे पाहता 2018 चा सरकारी खुलासा टिकणे अवघड आहे. नोव्हेंबर 2016 मध्ये दोन हजारांच्या नोटेत चिप असल्याची अफवा देशभर पसरली होती. नोटेत तसे काहीच नव्हते. रोख्यात मात्र खरोखर काही दडवलेले होते, त्याची चर्चा त्यामानाने थोडी झाली.

अपमाहिती : याद्या बाहेर पडताच त्यांतील ‘हब पॉवर कंपनी’ ही पाकिस्तानी कंपनी असल्याचा मजकूर समाजमाध्यमांतून पसरला. त्याच नावाच्या पाकिस्तानी कंपनीने इन्कार केला. यादीतील नाव दिल्लीच्या पत्त्यावरील व्यवसायाचे असल्याचे तथ्यतपासणीत आढळले.

निकालाच्या सुमारास एक कोटी दर्शनी मूल्याचे आणखी दहा हजार रोखे छापण्यास मंजुरी मिळालेली होती. फेब्रुवारीअखेर छपाई थांबवण्यास सांगण्यात आले. तोवर त्यांपैकी 8,350 छापून बँकेकडे गेले होते.