डर्मल फिलर

डर्मल फिलर : चेहऱ्यावरील घड्या, खळगे व व्रण भरून काढण्यासाठी किंवा ओठ, गाल, हनुवटी यांना उठाव देण्यासाठी त्वचेखाली सुईने सोडला जाणारा, बहुधा जेलसारखा पदार्थ. बोटॉक्सशी त्याची नेहमी गल्लत होते. बोटॉक्स स्नायू सैल करते, फिलर जागा भरतो. दोघांचे धोकेही वेगळे आहेत.

त्वचेखाली काहीतरी भरण्याची कल्पना जुनी आहे. १८९३ मध्ये जर्मन शल्यचिकित्सक नॉयबर यांनी रुग्णाचीच चरबी चेहऱ्यावरील व्रणाखाली बसवली होती. पुढे काही वर्षांतच व्हिएन्नात रॉबर्ट गेर्सुनी यांनी पॅराफिन हे मेण टोचायला सुरुवात केली. पद्धत झपाट्याने पसरली. पण मेण जागचे सरकू लागले, कठीण गाठी झाल्या आणि ते सोडून द्यावे लागले. द्रवरूप सिलिकोननेही हेच दाखवून दिले. आत गेलेले बाहेर काढता येईल का, हा प्रश्न रुग्णाने सर्वांत आधी विचारावा, तो यामुळेच.

आज सर्वाधिक वापरात आहे ते हायलुरोनिक आम्ल. ते शरीरात मुळातच असते; मात्र फिलरमध्ये ते टिकावे म्हणून त्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना रासायनिक दुव्यांनी जोडतात. परिणाम साधारण सहा महिने ते दीड वर्ष दिसतो, तरी पदार्थाचा काही अंश त्याहून बराच काळ आत राहू शकतो. हायलुरोनिडेज हे विकर (एन्झाइम) टोचले की हे जेल विरघळते. कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपेटाइट आणि पॉलिलॅक्टिक आम्ल यांना असा उतारा नाही. ती हळूहळू शोषली जातात. पीएमएमए या प्लास्टिकचे सूक्ष्म मणी तर कायमचेच राहतात. पहिल्यांदाच फिलर घेणाऱ्याने विरघळवता येणाऱ्या प्रकारावरच थांबणे शहाणपणाचे. चेहरा वयानुसार बदलत जातो, कायमचा फिलर बदलत नाही.

सूज, लाली, दुखरेपणा, काळेनिळे डाग हे नेहमीचे परिणाम. बहुतेक काही दिवसांत ओसरतात. ओठ जास्त सुजतात. पूर्वी ओठांवर नागीणसदृश पुरळ (हर्पीस) येऊन गेला असेल तर तो उलटू शकतो, म्हणून तसे आधीच सांगावे. पातळ त्वचेखाली जेल उथळ पडले की निळसर छटा दिसते. काहींना आठवड्यांनी किंवा महिन्यांनी गाठी येतात, कधी एखाद्या संसर्गानंतर भरलेली जागा अचानक सुजते. अशा गाठी घरी दाबून, चोळून जिरवण्याच्या फंदात पडू नये.

खरा धोका रक्तवाहिनीचा आहे. चेहऱ्यातील रोहिण्यांचे (धमन्यांचे) जाळे दाट असते आणि माणसागणिक त्यांची वाट थोडी वेगळी असते. जेल चुकून रोहिणीत गेले की पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. लगेच किंवा काही तासांत त्वचा पांढरी पडते, मग जाळीदार निळसर-जांभळे चट्टे उमटतात, वेदना नेहमीपेक्षा तीव्र असते; उपचार न झाल्यास ती त्वचा मरते. भूल देणारे लिडोकेन अनेक जेलमध्ये मिसळलेलेच असते, त्यामुळे वेदना उशिरा जाणवू शकते आणि रंगातील बदल अधिक महत्त्वाचा ठरतो. भुवयांमधील जागा, नाक आणि कपाळ येथील रोहिण्या डोळ्याच्या रोहिणीशी जोडलेल्या असतात. टोचताना दाब वाढला तर जेल उलट्या दिशेने ढकलले जाऊन डोळ्यापर्यंत, क्वचित मेंदूपर्यंत पोहोचते. दृष्टिपटलाला रक्त मिळेनासे झाले की तास-दीड तासात कायमची इजा होऊ शकते. हे विरळा घडते, पण घडले तर गेलेली नजर बहुधा परत येत नाही. अंधुक दिसणे, डोळ्यात कळ, पापणी पडणे, बोलताना जीभ अडखळणे, अंगाची एक बाजू लुळी वाटणे यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे.

म्हणून फिलर कोण टोचतो, याला पदार्थाइतकेच महत्त्व आहे. चेहऱ्याची शरीररचना जाणणारा प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन असावा, हायलुरोनिडेज तिथेच हाताशी असावे, आणि रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा ते आधीच ठरलेले असावे. हे विचारण्यात संकोच नको. बोथट टोकाची नळी (कॅन्युला) वापरल्याने धोका घटतो, संपत नाही. सुईविना दाबाने जेल आत ढकलणारी ‘हायलुरॉन पेन’ ही उपकरणे आणि ऑनलाइन मागवून स्वतःच टोचण्याचा प्रकार यांपासून दूरच राहावे. अशा पेनांविरुद्ध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला. स्तन किंवा नितंब फुगवण्यासाठी फिलर टोचण्यालाही त्या प्रशासनाची मान्यता नाही. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून १८ वर्षांखालील मुलांना सौंदर्यासाठी फिलर देणे गुन्हा आहे.

गरोदरपणात व स्तनपान करताना फिलरची सुरक्षितता तपासली गेलेली नसल्याने तो टाळतात. जागेवर पुरळ किंवा संसर्ग असेल तर तो बरा होईपर्यंत थांबावे. रक्त पातळ करणारी औषधे, लिडोकेनची किंवा इतर कशाचीही तीव्र ॲलर्जी, आधी घेतलेले फिलर हे सारे डॉक्टरांना सांगावे. मात्र रक्त पातळ करणारे औषध आपल्या मनाने बंद करू नये.

सिरिंज आपल्यासमोर सीलबंद पाकिटातून काढली जाते का, हे पाहावे आणि त्यावरील नाव व लॉट क्रमांकाचे लेबल मागून घ्यावे. पुढे कधी गाठ आली, दातांचे काम निघाले किंवा चेहऱ्याचा स्कॅन काढायची वेळ आली, तर आत नेमके काय आणि कुठे आहे हे समोरच्या डॉक्टरला त्यावरूनच कळते.